डावीकडून तिसरी होडी

बोळेबाईंना चित्रं कळतात, माणसं कळत नाहीत, असं त्यांचा नवरा म्हणायचा. त्यावर त्या म्हणायच्या, "तुला तर दोन्हीतलं ओ की ठो कळत नाही." झालं, विषय संपला. पण त्या दिवशी सकाळी बंदर कचेरीच्या दालनात, शिडीच्या पायथ्याशी उभं राहून त्यांना नवऱ्याचं म्हणणं पुरतं पटलं. पटून उपयोग काय? भिंतीवरच्या घड्याळात साडेनऊ वाजून गेले होते आणि काकू अकराला येणार होत्या.

पण हे असं मधूनच सांगितलं तर कुणाला काय कळणार? जरा मागे जाऊन सांगते.

बोळेबाई म्हणजे जुनी चित्रं साफ करणाऱ्या, फाटली तुटली तर सांधणाऱ्या बाई. काडीला कापसाचा बोळा गुंडाळायचा, मळ सोडवणाऱ्या औषधात बुडवायचा, चित्रावर हलकेच फिरवायचा, काळा झाला की टाकायचा, दुसरा घ्यायचा. दिवसाला दोनशे-अडीचशे बोळे. म्हणून बोळेबाई. बंदर कचेरीतलं मोठं चित्र साफ करायला त्यांना बोलावलं, तेव्हा ते चित्र कसलं आहे हेसुद्धा धड दिसत नव्हतं. चौतीस वर्षं दालनात माणसं विड्या-सिगारेटी फुंकत बसली होती, तो सगळा धूर चित्रावर. त्याखाली बंदरातल्या सात होड्या होत्या.

आणि काय होड्या होत्या! काढणाऱ्यानं रंग नुसता ओतला होता. पाणी निळं नव्हतंच, जांभळं होतं, मध्येच पिवळं, आणि ब्रशचे फटकारे असे की रंगाच्या कडा अजून बोटाला लागतील. डोलकाठी म्हणजे एकच फटका, वरून खाली, परत हात लावलेला नाही. बोळेबाईंचं काम याच्या बरोबर उलटं. त्यांचा ब्रश तीन केसांचा, त्या टिंबाला टिंब लावत दिवस काढणार. त्यामुळे असा बेधडक हात दिसला की त्यांना हेवा वाटायचा आणि त्या तो कबूलही करायच्या.

फक्त डावीकडून तिसऱ्या होडीचं काहीतरी बिनसलं होतं. तिच्यावर करडा-हिरवा रंग सपाट, सारखा, घाबरत घाबरत लावलेला होता, घरातला कट्टा रंगवावा तसा. आणि तो रंग होता वार्निशच्या वर! बाईंच्या धंद्यातला पहिला नियम असा, की वार्निशच्या खाली ते चित्रकाराचं, वार्निशच्या वर ते परक्याचं. बाईंनी भिंग लावून पाहिलं, दोन दिवस पाहिलं, आणि निकाल दिला: हे कुणा उपटसुंभाचं काम. असा मेलेला हात या चित्रकाराचा नव्हे.

आता गंमत बघा. चित्रकार मेलेला नव्हता. कचेरीपासून दोन गल्ल्या सोडून राहत होता. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेला, अख्खं गाव त्याला मास्तर म्हणायचं. जाऊन एक शब्द विचारायचा की नाही? पण नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा! कारण बाईंचं एक ठरलेलं वाक्य होतं, ते त्या शिकाऊ मुलींना ऐकवायच्या: चित्रकार विसरतो, रंग विसरत नाही. तेव्हा चित्राला विचारावं, चित्रकाराला नको. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय.

चार दिवस घासून त्यांनी तो करडा-हिरवा रंग काढला. आणि खालून माणूस निघाला.

होडीत बसलेला तरुण. नारिंगी सदरा, म्हणजे दोनच रुंद फटकारे. वाकलेली मान, एक तपकिरी फटका. हातात दोर. सगळं मिळून सात-आठ फटके लागले असतील, पण तो माणूस बसला होता, श्वास घेत होता. त्याच्यामुळे सगळ्या होड्या जाग्या झाल्या. बाई शिडीवर बसून एकट्याच हसल्या. एकच काळजी वाटली त्यांना. सदऱ्याच्या कडेला बोळा फिरवला तेव्हा बोळ्यावर फिकट नारिंगी उतरलं. रंग कच्चा होता, औषधाला सुटणारा. लगेच औषध बाजूला ठेवून त्यांनी तेवढा भाग थुंकीनं साफ केला. हो, थुंकीनं. जिभेवर बोळा ओला करायचा आणि फिरवायचा, जुन्या चित्रांना याच्यासारखं मऊ काही नाही. बंदर अधिकारी तेव्हा नेमके दालनात होते. "अहो, थुंकता काय चित्रावर!" म्हणून ओरडले. मग माणूस दिसला आणि तेच सगळ्यांत जास्त नाचायला लागले. वर्तमानपत्रवाल्यांना बोलावतो, समारंभ करतो, मास्तरांना सपत्नीक, म्हणजे काकूंनाही, बोलावतो. साहेबांच्या जिभेला हाड नव्हतं, हे लक्षात ठेवा.

तर त्या दिवशी सकाळी साडेनऊला मास्तर आले. एकटेच, दीड तास आधी. उंच, वाळलेले, काठी टेकत. दारातच थांबले. चित्राकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि चटकन खिडकीकडे तोंड फिरवलं.

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला?" ते खिडकीला म्हणाले.

बाई शिडीवरून उतरल्या. कौतुक ऐकायच्या तयारीत होत्या बिचाऱ्या. "म्हणजे? वार्निशच्या वर कुणीतरी—"

"कुणीतरी नाही. मीच. एकतीस वर्षांपूर्वी, याच भिंतीपाशी, अशाच शिडीवर चढून."

बाईंनी चित्राकडे वळून पाहिलं. "पण तो हात तुमचा वाटत नाही," एवढंच त्या बोलल्या.

"त्या दिवशी हात कुठला माझा राहायला?" मास्तर म्हणाले. "तो आमचा मुलगा आहे. आमचा एकच. चित्रासाठी बसवला होता मी त्याला. तीन वर्षांनी तीच होडी घेऊन गेला, आला नाही. होडी मीच घेऊन दिलेली. ही म्हणत होती, कचेरीत चिकटवा त्याला, पाण्यात नको. मी म्हटलं, पोराला पाण्याची आवड आहे, जाऊ दे."

बाईंनी हातातला बोळा खाली ठेवला.

"हिला सहन झालं नसतं," मास्तर म्हणाले. "कचेरीत येणंजाणं होतं तिचं. म्हणून झाकला. तिला सांगितलं, खरवडून टाकला. आता काल साहेबांचा फोन, बोटीत माणूस निघाला म्हणे. फोन मी घेतला हे नशीब. तिला एवढंच सांगितलंय की चित्र धुतलं. अकराला येणार आहे ती. तिनं हे पाहिलं तर मरेल हो ती. छातीचं दुखणं आहे तिला. तुम्ही उघडलंत, तुम्हीच झाका."

"मास्तर, असं झाकता येत नाही."

"मला आलं होतं."

"तुमच्या वेळी मध्ये वार्निश होतं. ते मी काढलंय. नवं लावायचं तर वाळायला एक दिवस हवा. त्याच्याशिवाय रंग घातला आणि पुढं कधी कुणी काढायला गेलं, तर खालचा नारिंगी त्याच्याबरोबर येईल. कच्चा आहे तो. म्हणजे आता झाकला तर कायमचा झाकला. कळतंय ना तुम्हाला?"

"कायमचाच झाकायचाय," मास्तर म्हणाले. आणि मग त्यांनी हात पुढे केले. दोन्ही हात थरथरत होते, वाऱ्यावर वाळत घातलेल्या कपड्यांसारखे. "माझ्यानं झालं असतं तर तुमच्या दाराशी आलो नसतो."

बोळेबाईंना त्या क्षणी काय वाटलं ते सांगते. स्वतःची लाज वाटली. दोन गल्ल्या चालून न जाण्याची लाज. आणि माणूस लाजेपायी जेवढी चुकीची कामं करतो ना, तेवढी रागापायीसुद्धा करत नाही. त्यांनी दालनाचं दार लोटलं आणि रंगांची पेटी उघडली.

आधी त्यांनी पाण्याचे रंग लावून पाहिले. ते धरले असते तर सगळंच सोपं होतं, नुसत्या ओल्या कापसानं पुसता आले असते. पण त्या तेलकट पृष्ठभागावर ते थेंब थेंब होऊन ओघळले. पावणेदहा. मग तेलाचे रंग. करडा, त्यात हिरवा, किंचित जांभळा. रंग जुळवला आणि तीन केसांचा ब्रश घेतला.

"त्यानं संध्याकाळ होईल," मागून मास्तर म्हणाले. तोंड खिडकीकडेच. न बघता त्यांना आवाजावरून कळलं की काय! "मोठा घ्या. दोन बोटं रुंदीचा. घाबरून मारू नका, घाबरलेला ब्रश ओरडून सांगतो की इथं काहीतरी लपवलंय. मी तीच चूक केली होती. एका दमात, होडीच्या अंगानं."

बाईंनी मोठा ब्रश घेतला. आयुष्यात कुणाच्या चित्रावर असा ब्रश चालवला नव्हता. मनगट घट्ट झालं. पहिला फटका हातांवरून गेला, दोर नाहीसा झाला. दुसरा सदऱ्यावरून. नारिंगी एकदम विझलं. "आता?" त्यांनी विचारलं.

"आता मान. एकच. थांबू नका."

त्यांनी श्वास रोखला आणि ब्रश ओढला. वाईट गोष्ट अशी, की तो फटका उत्तम आला. जन्मात आला नव्हता इतका मोकळा, कुणी बघितलं तर म्हणेल मास्तरांचाच हात. होडी रिकामी झाली. सव्वादहा. मास्तर खिडकीपाशी खुर्चीत बसले आणि त्यांनी कपाळ पुसलं. बाईंनी ब्रश धुवायला घेतला.

तेवढ्यात दार उघडलं आणि काकू आत आल्या.

ठेंगण्या, पांढरं डोकं, धापा टाकत आलेल्या. पाऊण तास आधी. मास्तर ताडकन उठले. "अगं, तू आत्ताच? अकराला ना?"

काकूंचं तिकडे लक्षच नव्हतं. त्या थेट चित्रापुढे जाऊन उभ्या राहिल्या. बोटानं मोजलं. एक, दोन, तीन. मग परत एक, दोन, तीन. मग त्या उजव्या बाजूला गेल्या, दुसऱ्या टोकापासून मोजत आल्या. वाकून पाहिलं, पाऊल मागं घेऊन पाहिलं. बाजारात लेकराचा हात सुटलेली बाई जशी प्रत्येक चेहरा बघत जाते, तशा त्या सातही होड्या बघून आल्या.

"कुठाय?" त्या म्हणाल्या.

बाईंनी हातातला ब्रश पाठीमागे धरला.

"साहेबांचा फोन आला होता. हे निघाल्यावर. मास्तर निघाले का म्हणून विचारायला, आणि म्हणाले, काकू, बोटीत माणूस निघालाय, नारिंगी सदऱ्यातला, लवकर या." त्या बोळेबाईंकडे वळल्या. "मी चप्पल घालून तशी पळत आले. कुठाय तो?"

साहेबांनी उचलली जीभ आणि लावली टाळ्याला! बाईंना वाटलं, जमीन दुभंगावी आणि शिडीसकट आपल्याला पोटात घ्यावं. काकूंनी हात उचलला आणि तिसऱ्या होडीला बोट लावलं. काढलं, पाहिलं. बोटाच्या टोकाला करडा-हिरवा रंग.

"ओलं आहे," त्या म्हणाल्या.

मग सावकाश त्यांनी नवऱ्याकडे मान वळवली. मास्तर पुटपुटले, "तुझ्यासाठीच गं. तुला सहन झालं नसतं म्हणून—"

"मला विचारलंत?"

"अगं, तुझी छाती—"

"छातीला काय धाड भरलीय! मी विचारते, मला विचारलंत? तेव्हा विचारलंत? खरवडला म्हणालात. एकतीस वर्षं मी या दालनाच्या दारावरून जाते. माझ्याकडे त्याचा एक फोटो आहे, शाळेतला, दहाव्या वर्षाचा. मोठेपणीचा एवढा एकच होता, तो तुम्ही पुसलात आणि मला सांगितलंत तुझ्यासाठी." काकूंचा आवाज चढला नाही, पण ऐकवत नव्हता. त्या बोळेबाईंना म्हणाल्या, "काढा ते."

"काकू, ऐका. मी मध्ये वार्निश लावलेलं नाही. रंग काढायला गेले तर त्याचा रंग येईल. होतं नव्हतं ते जाईल."

"आणि नाही काढलं तर?"

"वाळेल. वाळला की संपलं. मग कुणालाच निघणार नाही."

"मग काढा की! विचारता काय?"

बोळेबाईंनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर खिडकीकडे तोंड करून उभे होते, पाठ नुसती हलत होती. बाई शिडीवर चढल्या.

आधी कोरडा कापूस. दाबायचा नाही, घासायचा नाही, नुसता लोळवायचा. करडा रंग कापसात उतरू लागला. एक बोळा, दुसरा, दहावा. बाईंच्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. दोर दिसायला लागला, मग हात. हातांचा रंग जुना, दगडासारखा पक्का, त्याला काही झालं नाही. मग सदरा. कोरड्या कापसानं वरचं गेलं, पण रंगाच्या खाचांमध्ये करडा रुतून बसला होता, तो हलेना. बाईंनी थुंकी लावून पाहिली. ताज्या तेलापुढे थुंकी काय करणार? शेवटी औषध, एक भाग औषध आणि सहा भाग तेल, जेमतेम ओला बोळा. एकदा लोळवला. पाहिला. बोळा नारिंगी झाला होता.

फिकट नाही. चांगला नारिंगी.

बाईंचा हात हवेतच थांबला.

"थांबलात का?" खालून काकू.

"सदरा येतोय, काकू." बाईंना रडू फुटलं, धंद्यात पहिल्यांदा, लोकांदेखत. "माझी चूक झाली. सगळी माझीच. मी आधी विचारायला हवं होतं."

"चुकांचं मागून बघू," काकू म्हणाल्या. "सदरा जाऊ दे. सदरा मीच शिवला होता, कसा होता ते मला पाठ आहे. मान दाखवा मला."

बाईंनी डोळे बाहीला पुसले. सदरा अर्धा करडा, अर्धा नारिंगी, तसाच सोडला. मानेवर कोरडा बोळा ठेवला. याच जागी अर्ध्या तासापूर्वी त्यांनी तो झोकदार फटका मारला होता. आता त्या तो इंच-इंच उचलत होत्या आणि मनात स्वतःला नाही नाही त्या शिव्या देत होत्या. इथला रंग जाड होता, मास्तरांनी भरपूर घेतलेला. धरेल का? सहा बोळे कोरडे. मग औषधाचा एक. बाईंनी तो डोळ्यांजवळ नेला. करडा होता. नुसता करडा. अजून एक. करडा. अजून एक, पांढरा.

मान आली. तपकिरी फटका एकच, खाली वळलेला, कानामागे पिवळट उन्हाचा ठिपका. त्याला नाक नव्हतं, डोळे नव्हते. बाईंनी भिंगातून चार दिवस पाहिला तेव्हा त्यांच्या लेखी तो एक झकास फटका होता, त्यापलीकडे काही नाही. त्या शिडीवरून उतरून बाजूला झाल्या.

काकू पुढे झाल्या. बराच वेळ बघत राहिल्या.

"अगं बाई," त्या म्हणाल्या, "एवढुसा होता?"

बाहेर व्हरांड्यात साहेबांचा आवाज आला, खुर्च्या इकडे मांडा, तिकडे मांडा. बोळेबाईंनी जाऊन दाराला आतून कडी लावली आणि दाराला पाठ टेकवून उभ्या राहिल्या. साहेबांनी एकदा ढकललं, एकदा ठोठावलं, मग कुणाला तरी म्हणाले, काम चालू असेल.

"अहो," काकू म्हणाल्या. "वळा इकडे."

मास्तरांनी मान हलवली. नाही.

"वळा."

"मला नाही बघवत." काठी खिडकीच्या चौकटीवर टकटक वाजत होती. "तेव्हाही नव्हतं बघवत. तुझ्यासाठी नव्हतं ते. माझ्यासाठी झाकला मी त्याला. मीच होडी दिली, मीच पाठवला. इथून येताजाता तो माझ्याकडे मान वर करून बघेल असं वाटायचं. तुझं नुसतं नाव पुढे केलं."

"ते ठाऊक आहे मला," काकू म्हणाल्या. "तुम्ही कधी बोलताय त्याची वाट बघत होते."

मग काठी सरकवत, आधी पाय, मग खांदे, मग सगळ्यात शेवटी चेहरा, असे मास्तर वळले. त्यांनी मुलाकडे पाहिलं. आधी अर्ध्या पुसलेल्या सदऱ्याकडे, मग हातांकडे, मग वर. तोंड उघडलं. आणि शब्द आला तो मास्तरकीचाच आला.

"मान जरा जास्त वाकली माझ्या हातून," ते म्हणाले.

"नाही," काकू म्हणाल्या. "अशीच वाकवायचा तो."

त्यावर मास्तर भिंतीला धरून लहान मुलासारखे मोठ्यानं रडले, आणि काकूंनी रंगाचं बोट पदराला पुसून त्यांच्या पाठीवर हात ठेवला.